किती उतरलं?

गेल्या वर्षी सप्टेंबरात यवतेश्वरचा घाट पळत चढून-उतरून घरी आले, तेव्हा मोठ्या जाऊबाई भाकरतुकडा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, गळ्यातलं मेडल हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग विचारलं, "किती उतरलं गं?"

मला वाटलं, घाटाचं विचारतायत. म्हटलं, "निम्मा चढ, निम्मा उतार."

"ते नव्हे. वजन."

सहा वर्षं झाली, हा प्रश्न माझ्या मागे आहे. मंडईत विचारतात, लग्नात विचारतात, दुकानात माप द्यायला हात वर करून उभ्या राहिलेल्या बायका विचारतात. कुणाच्याही मनात वाकडं नसतं. जाऊबाईंनी त्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून मला रताळी उकडून दिली होती. तरी त्या दोन शब्दांनी दर वेळी माझ्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. एकवीस किलोमीटर पळाले ते पळणं राहत नाही, त्याचं पथ्यपाणी होऊन जातं. अंगानं बारीक माणूस शर्यत पळून आलं की त्याला टायमिंग विचारतात. जाड बाई पळून आली की तिला काटा विचारतात. ती पळते म्हणजे स्वतःच्या अंगावर काहीतरी इलाज करत असणार, हे सगळ्यांनी न बोलता धरलेलं असतं.

म्हणून आधी टायमिंग सांगते. पहिल्या वर्षी ३ तास १८ मिनिटं लागली होती, गेल्या वर्षी ३ तास ४ मिनिटं. वजन ८६ किलो, उंची पाच फूट दोन इंच. सहा वर्षांपूर्वी ८९ किलो होते. या दोन हिशेबांतला मला पहिला महत्त्वाचा वाटतो, आणि तो चौदा मिनिटांचा आहे.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. सव्वीस वर्षं मी बायकांची मापं घेते. टेप हातात घेतली की बाई आधी पोट आत ओढते, मग "जरा वाढलंय हां" असं म्हणून माझीच माफी मागते. मी तिला श्वास सोडायला सांगते, कारण ओढलेल्या पोटावर शिवलेलं कापड जेवायला बसल्यावर काचतं. छाती, कंबर, मुंढा, दंड, पाठ, गळा. छत्तीस छातीच्या दहा जणी आल्या तर दहा ब्लाऊज वेगवेगळे कापावे लागतात. एकीचे खांदे उतरते, एकीची पाठ रुंद, एकीचा मुंढा खोल. एकाच बाईच्या दोन बाजूसुद्धा सारख्या नसतात. जन्मभर उजव्या कमरेवर घागर घेतलेल्या बाईचा उजवा खांदा आणि डावा खांदा मी डोळे मिटून ओळखेन.

लेक पुण्यात संख्याशास्त्र शिकते. बीएमआय हा आकडा कुठून आला हे ती मला सांगत होती, तेव्हा मी मशीन थांबवून ऐकलं, कारण त्या गोष्टीत छातीचं माप होतं. बेल्जियममध्ये अडॉल्फ केतले नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. ताऱ्यांच्या मोजणीत चुका कशा पसरतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि तोच हिशेब त्यांनी माणसांना लावला. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या नोंदलेल्या मापांवरून त्यांनी सरासरी काढली, ती चाळीस इंचांच्या जरा आत आली. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचा हिशेबही त्यांचाच, १८३२ सालचा. माणसांच्या जथ्याचा तो अभ्यास होता, समोर बसलेल्या एका बाईला काय होतंय ते सांगायला तो केलेला नव्हता. १९७२ मध्ये अँसल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, आणि पुढे तो आकडा दवाखान्याच्या भिंतीवर येऊन चिकटला. आपल्याकडे तेवीसच्या वर गेलं की वजन जास्त, पंचविसाच्या वर लठ्ठपणा. माझा पस्तीसच्या जवळ आहे. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. साखर, रक्तदाब यांची काळजी मीही करते, वर्षातून एकदा तपासून घेते. पण चाळीस इंच छातीचा एकच शर्ट कापून ५,७३८ सैनिकांना घाला म्हटलं तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पळायला लागले त्याला कारण झालं पाणी. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. त्या पहाटे अख्खं गाव रस्त्यावर असतं, लेझीम असते, ढोल असतो, शाळेची मुलं टाळ्या वाजवून दमतात. आमच्या महिला मंडळानं एका वर्षी समर्थ मंदिराच्या बाजूला पाणी द्यायचं ठरवलं. पहिली मुलं गेली ती वाऱ्यासारखी. हाताला पेला लागला न लागला, गेलीसुद्धा. पोटऱ्या दोरीसारख्या, गालफडं आत. मी मनात म्हटलं, हे लोक वेगळ्या मातीचे. तासभरानं घोळक्यातले लोक आले आणि त्यानंतर, मंडळाच्या बायका पेले गोळा करायला लागल्यावर, शेवटचे आले. एक पोट सुटलेले गृहस्थ, एक आजीबाई, आणि एक बाई, माझ्याच मापाची. माझी नजर टेपसारखी चालते. चव्वेचाळीस छाती, शेहेचाळीस सीट. ती थांबली, दोन घोट प्यायली, "थँक्यू ताई" म्हणाली आणि पुन्हा पळायला लागली. हळू, पण पळतच. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. त्या शर्यतीत माझ्यासारखंही कुणी आहे हे मला पेले गोळा करायच्या वेळेपर्यंत थांबले म्हणून कळलं. लवकर घरी गेले असते तर कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात, पंजाबी ड्रेस घालून बाहेर पडले. दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. विजेचे खांब मोजत मोजत महिनाभरात ते उलटं झालं.

जड अंगाला पळणं जड जातं, हे मी लपवणार नाही. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. माझ्या बाबतीत तो दोन-अडीचशे किलो होतो, आणि असा हजारो वेळा. मोठ्या अंगात उष्णता जास्त तयार होते आणि ती लवकर बाहेर पडत नाही. मार्चनंतर मला सूर्य उगवायच्या आत परत यावं लागतं. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात. पहिल्या महिन्यात आंघोळीचं पाणी तिथे लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. खोबरेल तेल लावून बघितलं, ते चार किलोमीटर टिकतं. व्हॅसलीन दहा टिकतं. शेवटी मांडीपर्यंत येणारी होजिअरीची चड्डी स्वतःच शिवली, आतली शिवण मांडीच्या मधून काढून पुढच्या बाजूला नेली. तेव्हापासून तो त्रास गेला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत हलकं शरीर पुढे राहतं, हे निसर्गाचं गणित आहे आणि माझं त्याच्याशी भांडण नाही. मला पहिलं यायचं नाही. माझं भांडण आहे ते हळू पळणाऱ्याला पळणारा न मानण्याशी.

छातीची गोष्ट सांगायला बायका लाजतात, पण मी शिंपीण आहे, मला लाजून चालत नाही. पळताना स्तन नुसते वर-खाली होत नाहीत, आडवेही हलतात; मोजणी करणाऱ्यांनी त्याची आकृती इंग्रजी आठसारखी असते असं दाखवलं आहे. पहिले सहा आठवडे मी एकावर एक दोन ब्रा घालून पळाले. खांद्यांवर पट्ट्यांनी चर पडले, छातीखाली कातडी निघाली. मग लेकीनं मला एक गोष्ट वाचून दाखवली. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल नावाच्या बाईला हाच त्रास होता. त्या पळायच्या. त्यांची मैत्रीण पॉली स्मिथ नाटकाचे कपडे शिवणारी होती आणि हिंडा मिलर तिच्या हाताखाली काम करत होती. पॉलीनं पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटासारखे आधारपट्टे घेतले, ते उसवून जोडले, आणि पहिली स्पोर्ट्स ब्रा झाली. म्हणजे बायकांच्या पळण्याचा एक मोठा अडथळा एका शिंपिणीनं कात्री-सुईनं दूर केला. हे ऐकून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. त्याच रात्री मी माझं माप माझ्याच हातानं घेतलं. दुहेरी होजिअरी, पुढचं कापड ताणायच्या दिशेला आडवं, खांद्याची पट्टी दोन इंच रुंद, पाठीवर जोडलेली, खाली दीड इंची इलॅस्टिक. तिसऱ्या कापणीला जमलं. बाजारातल्या महागड्या ब्रा माझ्या मापाच्या अलीकडेच थांबायच्या. आता मला त्यांची गरज राहिली नाही.

आमच्या जिल्ह्याला शरीराच्या अंदाजाचा अनुभव आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची अंगकाठी लहान होती. कॉलेजात त्यांना किरकोळ समजून कुस्तीच्या यादीतून वगळलं होतं आणि प्राचार्यांकडे जाऊन त्यांनी संधी मागितली, असं इथे सांगतात. कुस्ती म्हणजे पहाडासारखा गडी, हे लोकांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. त्याच खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळायच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या, दहाव्या आल्या. मला त्यांचा फार अभिमान आहे. पण माझ्या लक्षात असं आलं की आखाड्यात लहान अंगाला हसतात आणि रस्त्यावर मोठ्या अंगाला. दोन्हीकडे खेळ सुरू व्हायच्या आधी निकाल लागलेला असतो.

बारीक असणाऱ्यांनाही हा काटा सोडत नाही. अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी, २०१३ मध्ये, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पळाली होती. तिनं २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की प्रशिक्षक तिला सतत आणखी वजन कमी करायला लावत, सगळ्यांसमोर काट्यावर उभं करत. तीन वर्षं तिची पाळी बंद होती, पाच हाडं मोडली. किती उतरलं, किती उतरलं, एवढंच त्या पोरीच्या कानांवर पडत असणार. हे वाचलं त्या दिवशी मला दुकानात काही सुचलं नाही. माझ्या लेकीपेक्षा लहान होती ती तेव्हा.

आणि मर्ना व्हॅलेरिओ. लेकीनं फोनवर तिचा छोटा चित्रपट दाखवला, २०१७ चा. मर्ना कृष्णवर्णीय अमेरिकन, शाळेत गाणं शिकवायची. २००८ मध्ये गाडी चालवताना छातीत दुखलं, लहान मुलगा मागच्या सीटवर होता. डॉक्टरांनी इशारा दिला आणि ती पुन्हा पळायला लागली. वजन शंभर किलोच्या बरंच वर. ती मॅरेथॉन पळाली, पन्नास-पन्नास किलोमीटरच्या डोंगरातल्या शर्यती पळाली. त्या चित्रपटात ती शर्यतीला निघालेली असताना तिला एक ईमेल येतं. कुणीतरी लिहिलेलं असतं की तू खोटारडी आहेस, तू पळत नाहीस, चालतेस. ती ते वाचते. आणि मग शर्यत पळायला जाते. मी तो भाग चार वेळा बघितला. चित्रपट संपतो तेव्हाही ती तेवढीच जाड असते. बारीक झालेला फोटो शेजारी लावून दाखवत नाहीत. तिचं पळणं हीच सगळी गोष्ट आहे, तिच्या वजनाचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. हे असं दाखवता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी का पळते, हे मला विचारायचं असेल तर घाटात विचारावं. पहिले दोन किलोमीटर सगळं अंग नको म्हणतं. श्वास एकीकडे, पाय दुसरीकडे. मग चढ लागतो, सातारा खाली राहतो, डावा-उजवा पाय एकसारखे पडायला लागतात. ती लय मला ओळखीची आहे. सव्वीस वर्षं मी पायमशीन चालवलं आहे, टाच-चवडा, टाच-चवडा. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. माझ्या पोटऱ्या तिथे झाल्या, पळायला लागायच्या कितीतरी आधी. मशीनवर पाय असाच आपसूक चालतो आणि शिवण सरळ पडत जाते. सप्टेंबरात घाटात धुकं असतं, बारीक पाऊस अंगाला नुसता लागतो, कडेला तेरडा फुललेला असतो. माझा श्वास मला मोठ्यानं ऐकू येतो. त्या वेळी माझं शरीर मोठं आहे की लहान, हे माझ्या मनातही नसतं. ते चढ चढतंय एवढंच असतं. दिवसभर दुसऱ्यांची शरीरं इंचांत मोजणाऱ्या बाईला हा तास कुठल्याच मापाशिवाय मिळतो. तो मला हवा असतो. उद्या माझं वजन शंभर झालं तरी हवा असेल, साठ झालं तरी.

हे जाऊबाईंना सांगायला मला सहा वर्षं लागली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मग मला सांग ना तसं. मी टायमिंग विचारीन." आणि थोड्या वेळानं, "टायमिंग म्हणजे काय बघायचं असतं?"

मध्यंतरी एका दुसऱ्या गावच्या शर्यतीला नाव नोंदवलं. टी-शर्ट घ्यायला गेले तर बायकांचा सगळ्यात मोठा एक्सेल. घालून बघितला, दंडात अडकला, छातीवर अक्षरं फाकली. तिथला मुलगा म्हणाला, पुरुषांचा घ्या. पुरुषांचा खांदा कोपराकडे उतरतो, गळा घसरतो, खाली गुडघ्यांपर्यंत येतो. मी बायकांचाच घेतला आणि दुकानात आणून उसवला.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. चांगला शिंपी दोन्ही अंगांना बोटभर माया ठेवतो. बाई भरते, बाळंत होते, वय होतं. मग शिवण सोडवायची, माया बाहेर काढायची, तोच ब्लाऊज पुन्हा अंगात बसतो. माझ्या आईचा लग्नातला खणाचा ब्लाऊज मी असाच माया सोडवून घातला होता. नव्या मुलींना शिकवताना मी पहिलं हेच सांगते, की कापड वाचवा पण माया कापू नका.

त्या टी-शर्टला माया नव्हती. शिवणीला लागून कापड कापलेलं, वर ओव्हरलॉकचा दोरा. सोडवायला काहीच नव्हतं. मग मी जुन्या शर्यतीचा विटलेला टी-शर्ट काढला, पहिल्या वर्षीचा, तीन अठराचा. त्यातून दोन लांब कळ्या कापल्या, बगलेपासून खाली कमरेपर्यंत, वर चार इंच, खाली निमुळत्या. मुंढा अर्धा इंच खोल केला. ताणणाऱ्या कापडाला साधी टीप तुटते म्हणून बारीक नागमोडी टीप घातली. नवा टी-शर्ट निळा, कळ्या पिवळ्या. पिवळ्यावर जुनी छापील अक्षरं अर्धी अर्धी आली, एका बाजूला कान्याशिवाय 'म', दुसरीकडे नुसतं वेलांटीचं टोक. आमच्या पळणाऱ्या बायकांच्या गटातल्या तिघींनी ते बघितलं आणि आपापले टी-शर्ट आणून दुकानात ठेवले. एकीला छातीला सोडायचं होतं, एकीला दंडाला, एकीला पोटावर. तिघींनी माप देताना पोट आत ओढलं नाही. मी बघत होते.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला मैदानावर दव होतं. आम्ही चौघी मागे, सगळ्यांच्या मागे उभ्या होतो, चार निळे टी-शर्ट आणि बगलांत चार वेगवेगळे रंग. माइकवरून अंग मोकळं करा म्हणून सांगत होते. मी दोन्ही हात वर नेले, डोक्याच्या वर, पार ताणून. कुठेही ओढ बसली नाही.